चित्त्याचें ऋण कोणीं फेडावें?

जो प्राणी एखाद्या देशांतून मनुष्याच्या हातून नाहींसा झाला, तो दुसरीकडून आणून त्या देशांत पुन्हां वसविणें हें मनुष्याचें कर्तव्य आहे काय? आणि कर्तव्य असेल, तर त्याचा भार कोणीं उचलावा? हे प्रश्न विद्वानांच्या सभेंत शोभण्यासारखे दिसतात खरे. परंतु त्यांचा भार प्रत्यक्ष ज्यांच्या अंगावर पडतो ते बहुतकरून रानाच्या कडेस राहणारे, शेळ्या-गुरें बाळगणारे, डिंक व मोहाचीं फुलें वेंचून वर्षाचे चार महिने काढणारे लोक असतात. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं घरें अशाच रानांच्या कडेस आहेत. म्हणून ह्या विषयाचा विचार येथें करणें अप्रस्तुत होणार नाहीं, असें आम्हांस वाटतें.

विचारास निमित्त मध्यप्रदेशांतील कुनो येथील चित्त्यांचें आहे. ता. १७ सप्टेंबर २०२२ रोजीं आफ्रिकेंतील नामिबिया देशांतून आठ चित्ते विमानानें आणून श्योपूर जिल्ह्यांतील कुनो राष्ट्रीय उद्यानांत ठेवण्यांत आले. पुढें १८ फेब्रुवारी २०२३ रोजीं दक्षिण आफ्रिकेहून आणखी बारा आले. त्या वेळीं ह्या गोष्टीचा मोठा गाजावाजा झाला. कोणी तिला राष्ट्राच्या अभिमानाची गोष्ट म्हटलें, कोणी तिला पैशाची उधळपट्टी म्हटलें. आम्हांस ह्या दोन्ही बोलण्यांत मुद्द्याची गोष्ट दिसली नाहीं. मुद्दा ऋणाचा आहे, आणि ऋणाचा विचार करितां प्रथम तें कोणीं काढलें हें पाहावें लागतें.

चित्ता आपल्या देशास परका नव्हता. त्याचें नांवच आपलें आहे. अंगावर ठिपके म्हणून संस्कृतांत तो चित्रक, त्याचा चित्ता झाला, आणि इंग्रजांनीं तेंच नांव उचलून जगभर नेलें. आपल्या खेड्यांतून बिबट्यासही चित्ता म्हणण्याची रीत आहे, त्यामुळें घोंटाळा होतो. बिबट्याच्या अंगावर फुलासारखीं पोकळ वलयें असतात, चित्त्याच्या अंगावर भरीव ठिपके. आणि चित्त्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यापासून तोंडापर्यंत काजळ ओघळल्यासारखी एक काळी रेघ असते. बिबट्या झाडीचा, तर चित्ता मोकळ्या माळाचा प्राणी. काळवीट व चिंकारा ह्यांच्या मागें धांवून तो पोट भरतो. रानांतील चित्त्यानें मनुष्यास ठार मारल्याची नोंद नाहीं. तो इतका सौम्य, कीं पकडून आणल्यावर थोड्या महिन्यांत माणसाळतो, आणि हा सौम्यपणाच त्याच्या मुळावर आला.

राजेरजवाड्यांनीं शेंकडों वर्षें चित्ते पकडून शिकारीसाठीं बाळगिले. अकबर बादशहापाशीं एका वेळीं एक हजार चित्ते होते असें सांगतात. परंतु साखळीवर ठेवलेली चित्तीण सहसा वीत नाहीं. सबंध मोगल अमदानींत एकदांच, जहांगीराच्या कारकिर्दींत, पाळीव चित्तिणीस पिल्लें झाल्याची नोंद आहे. म्हणजे दरबारांतील जवळजवळ प्रत्येक चित्ता रानांतून धरून आणावा लागे, आणि आणलेल्याची भरती रानांत पुन्हां होत नसे. झरा आटलेल्या विहिरीचा उपसा चालूं ठेवावा, तसा हा व्यवहार शेंकडों वर्षें चालला. पुढें इंग्रजी अमलांत चित्ता उपद्रवी जनावरांत जमा होऊन त्यास मारणारास बक्षिसें मिळूं लागलीं. माळ नांगराखालीं गेले, काळवीट बंदुकीपुढें संपत चालले. आपल्या कोल्हापुरांत संस्थानच्या पदरीं शिकारी चित्ते होते. विसाव्या शतकांत देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हां ते आफ्रिकेहून विकत आणावे लागले. तेव्हां कुनोच्या पुष्कळ आधीं आफ्रिकेचा चित्ता ह्या देशांत येऊन गेला आहे, पण तो राजांच्या करमणुकीसाठीं! शेवटीं १९४७ सालीं, हल्लीं छत्तीसगडांत मोडणाऱ्या कोरिया संस्थानच्या महाराजांनीं रात्रीच्या वेळीं तीन चित्ते बंदुकीनें मारिले. तेच ह्या देशांतील अखेरचे चित्ते समजले जातात. १९५२ सालीं सरकारनें चित्ता नष्ट झाल्याचें जाहीर केलें.

ह्या हकीकतींत बादशहा आहेत, महाराजे आहेत, बक्षीस वांटणारे साहेब आहेत. चित्ते पकडून देणारे पारधीही होते, हें आम्ही विसरत नाहीं. माळ नांगरणारा शेतकरीही होता. परंतु पारध्यानें जाळें टाकलें तें दुसऱ्याच्या हुकुमानें व दुसऱ्याच्या पैशावर, आणि शेतकऱ्यानें माळ फोडला तो सारा भरून उरलेल्या दाण्यासाठीं. ऋणाचा मोठा वांटा कोणाच्या नांवावर पडतो हें ठरविण्यास फार मोठें गणित नको.

कोणी म्हणेल, गेलें तें गेलें. पृथ्वीवर किती जाति आल्या आणि किती लोपल्या, त्यांचा शोक कोठवर करावा? ह्या म्हणण्यांत मुळींच तथ्य नाहीं असें नाहीं. तथापि म्हातारपणानें मेलेला मनुष्य आणि मारेकऱ्याच्या हातून मेलेला मनुष्य ह्यांस आपण एका हिशेबांत धरीत नाहीं. चित्त्याच्या मरणास कालगति कारण झाली नाहीं. करमणूक, हांव व बेपर्वाई ह्या तीन गोष्टी कारण झाल्या. ज्याचा नाश आपल्या हातून झाला तें शक्य असल्यास भरून द्यावें, ही गोष्ट खेड्यांतील लहान मुलासही समजते. शेजाऱ्याची घागर फोडली तर नवी घेऊन द्यावी लागते.

शिवाय चित्ता गेला तो एकटा गेला नाहीं, त्याच्याबरोबर माळाची किंमत गेली. सरकारी दप्तरांत गवताळ माळास पडीक जमीन म्हणण्याची रीत पडली आहे, आणि एकदां पडीक म्हटलें कीं तेथें कोणीं कांहींही करावें. धनगराचीं मेंढरें ज्यावर चरतात, लांडगा, खोकड, काळवीट व माळढोक ज्यावर जगतात, तो माळ दप्तराच्या दृष्टीनें रिकामा! चित्त्यासारखा मानाचा प्राणी परत आला तर ह्या भूमीची राखण होईल, हा आणणाऱ्यांचा एक युक्तिवाद आहे, व तो आम्हांस पटतो. म्हणून हरवलेल्या प्राण्यास परत आणण्याच्या कल्पनेसच जे हंसतात त्यांच्या बाजूस आम्ही नाहीं. ह्याच देशांत असें काम चांगल्या रीतीनें झालेलें आहे. उत्तर प्रदेशांतील दुधवा येथें १९८४ सालीं आसामांतून गेंडे नेऊन सोडले, त्यांचा वंश तेथें वाढला. मध्यप्रदेशांतील पन्ना येथें चोरट्या शिकारीमुळें २००९ सालापर्यंत एकही वाघ उरला नव्हता. त्याच वर्षीं दुसऱ्या रानांतून वाघिणी व वाघ आणले, आणि पन्न्यांत पुन्हां वाघ नांदूं लागले.

परंतु चित्त्याच्या बाबतींत एक शंका अधिक खोल आहे. येथून नाहींसा झाला तो आशियाई चित्ता. तो आतां केवळ इराणांत, अगदीं थोड्या संख्येनें उरला आहे. आणला तो आफ्रिकेचा, एकाच जातीची निराळी शाखा. एकाचें घेतलेलें दुसऱ्यास दिल्यानें देणें फिटतें काय? आमच्या मतें मेलेल्या चित्त्यांचें देणें कोणासच फेडतां येणार नाहीं; त्यांच्यापुरता तो हिशेब कायमचा बंद झाला आहे. देणें उरलें आहे तें त्या भूमीचें, आणि आमच्या मागून येणाऱ्यांचें. माळावर हरिणांमागें धांवणारा प्राणी पुन्हां असावा एवढाच हेतु असेल, तर आफ्रिकेचा चित्ता ती जागा घेऊं शकेल. घेईल कीं नाहीं, हें मात्र आणणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून नाहीं.

त्या मुक्या पाहुण्यांचे जे हाल झाले तेही ह्या हिशेबांत धरले पाहिजेत. पृथ्वीच्या दक्षिण भागांत जून ते सप्टेंबर हा थंडीचा काळ. आणलेल्या चित्त्यांच्या देहास तीच संवय. येथें पावसाळ्याचा दमट उष्मा होत असतां त्यांच्या अंगावर आफ्रिकेच्या हिंवाळ्यासाठीं दाट केंस आले! त्या ओल्या केंसांखालीं, मानेवर व पाठीवर, गळ्यांतील रेडिओच्या पट्ट्याच्या आसपास जखमा झाल्या, त्यांत किडे पडले, आणि २०२३ च्या पावसाळ्यांत कांहीं चित्ते रक्तांत विष भिनून मेले. त्याआधीं मार्चांत कुनोंत जन्मलेल्या पहिल्या चार पिल्लांपैकीं तीन मे महिन्याच्या उन्हाच्या तडाख्यांत दगावलीं. उरलेलें एक मादी पिल्लूं माणसांनीं हातावर वाढविलें. तिचें नांव मुखी. ह्या मुखीस नोव्हेंबर २०२५ मध्यें स्वतःचीं पांच पिल्लें झालीं. ह्याच भूमींत जन्मलेल्या चित्तिणीनें येथेंच वीण घालावी ही गोष्ट आनंदाची आहे, आणि ती ऐकून आम्हांस समाधान वाटलें. परंतु ज्यांनीं ह्या प्राण्यांस न विचारतां समुद्रापार आणलें, त्यांच्यावर त्यांच्या दुखण्याची जबाबदारी राहतेच. आईबापांवर अपत्याची असते, त्याहून ही कमी मानूं नये, कारण अपत्यास निदान बोलतां येतें.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. कुनोचें रान मुळांत चित्त्यासाठीं मोकळें केलेलें नव्हतें. आशियाई सिंह साऱ्या जगांत एका गुजराथेंतच, गीर व त्याच्या आसपास उरला आहे. एखादी सांथ आली तर सबंध वंश बुडेल, म्हणून त्यास दुसरें घर पाहावें, असें जाणत्यांनीं सुचविलें आणि कुनो निवडलें. ती भीति पोकळ नव्हती. २०१८ सालीं गीरमध्यें थोड्याच आठवड्यांत वीसांहून अधिक सिंह मेले, त्यांतील कित्येक कुत्र्यांपासून पसरणाऱ्या एका रोगानें. सिंहांस जागा व्हावी म्हणून १९९८ सालाच्या सुमारास कुनोंतील गांवें उठविण्यास आरंभ झाला, आणि २००३ पर्यंत चोवीस गांवें उठलीं. सुमारें दीड हजार कुटुंबें. त्यांतील बहुतेक सहरिया जमातीचीं, म्हणजे ज्यांस सरकार स्वतःच अतिशय मागासलेल्या आदिवासींत गणतें त्यांचीं.

त्यांस रानाबाहेर जमिनी मिळाल्या, घरांसाठीं पैसे मिळाले. कांहींच मिळालें नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. परंतु मिळालेली जमीन पुष्कळ ठिकाणीं खडकाळ व केवळ पावसावर अवलंबून असलेली होती. रानांत सलईचा डिंक होता, तेंदूचीं पानें होतीं, मध होता, अडचणीच्या दिवसांत उकरून खाण्यास कंद होते. जमिनीचा मोबदला कागदावर मांडतां येतो. सलईच्या झाडास चीर पाडून डिंक कधीं काढावा ह्या ज्ञानाचा मोबदला कोणत्याही तक्त्यांत बसत नाहीं. तें ज्ञान रानाबाहेर निरुपयोगी झालें, आणि ज्यांच्यापाशीं तें होतें ते मजुरीच्या शोधांत दूरदूर जाऊं लागले. पुष्कळांनीं आपलीं गुरें मागेंच सोडलीं. तीं ओस पडलेल्या गांवांभोवतीं पुढें वर्षानुवर्षें हिंडत राहिलीं. मालक नाहीं, गोठा नाहीं, दावें नाहीं. कुनोंतील जीं कुरणें आज पाहुण्यांस कौतुकानें दाखवितात, त्यांतील कित्येक म्हणजे ह्या उठलेल्या गांवांचीं शेतें होत.

आणि सिंह? सिंह आलेच नाहींत. गुजराथ सरकारनें ते दिले नाहींत. एप्रिल २०१३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें सहा महिन्यांत सिंह कुनोस न्यावे असा निकाल दिला, आणि त्याच निकालांत आफ्रिकेचे चित्ते तेथें आणण्याचा बेत रद्द केला. सिंह तरीही हलले नाहींत. पुढें जानेवारी २०२० मध्यें त्याच न्यायालयानें प्रयोगादाखल चित्ते आणण्यास परवानगी दिली, आणि सिंहासाठीं मोकळ्या केलेल्या घरांत चित्ता उतरला. पालपूरची गढी त्या रानांतच आहे. तेथील जुन्या राजघराण्यानें, आमची जमीन सिंहासाठीं घेतली होती, चित्त्यासाठीं नव्हे, असें म्हणून न्यायालयाचें दार ठोठावलें. सहरियांसही हेंच म्हणतां आलें असतें. परंतु न्यायालयाचें दार ठोठावण्यास आधीं त्या दारापर्यंत जाण्याचें गाडीभाडें लागतें.

येथें आम्हांस नीतीचा खरा प्रश्न दिसतो. एका हेतूसाठीं मागून घेतलेली वस्तु दुसऱ्या हेतूस लावणें हें खासगी व्यवहारांत कोणीही विश्वासघात म्हणेल. मंडळीनें विहिरीसाठीं जमविलेल्या वर्गणींतून पंचांनीं बैलगाडी घेतली, तर गाडी कितीही उपयोगी असली तरी हिशेब मागितला जाईल, आणि तो मागितलाच पाहिजे. सरकार मोठें असलें म्हणून ही गोष्ट बदलत नाहीं. उलट ज्यांच्याकडून घेतलें ते जितके दुबळे, तितकें दिलेलें वचन अधिक जड व्हावें. चित्ता वांचला आणि वाढला तरीही हा हिशेब पुरा होणार नाहीं. एका ऋणाची फेड दुसऱ्याच्या खिशांतून केली तर ऋण फिटत नाहीं, फक्त सावकार बदलतो.

ह्याच्या उलट एक उदाहरण अमेरिकेंतील आहे. यलोस्टोन ह्या मोठ्या उद्यानांतील लांडगे माणसांनीं १९२६ पर्यंत मारून संपविले. १९९५ व १९९६ ह्या दोन वर्षांत क्यानडांतून एकतीस लांडगे आणून तेथें सोडले. आसपासचे गुरें पाळणारे लोक अर्थातच संतापले. तेव्हां लांडग्यांची बाजू घेणाऱ्या डिफेंडर्स ऑफ वाइल्डलाइफ नांवाच्या संस्थेनें, लांडग्यांनीं मारिलेल्या जनावरांची किंमत आपल्या वर्गणीदारांच्या पैशांतून भरून देण्याचें काम १९८७ पासूनच अंगावर घेतलें होतें, आणि तें २०१० पर्यंत चालविलें. लांडगा हवा असें ज्यांनीं म्हटलें, त्यांनींच त्याच्या जेवणाचे पैसे मोजले. ह्यानें सारा विरोध मावळला असें नाहीं; शिवाय त्याच उद्यानांतून एकोणिसाव्या शतकांत तेथील मूळच्या रहिवाशांस घालवून देण्यांत आलें होतें, म्हणून त्या देशाचा फार गौरव करण्याचें कारण नाहीं. परंतु पैसे कोणीं द्यावे, ह्या एका बाबतींत त्यांची रीत आम्हांस सरळ वाटते.

आमच्या सोलापूर जिल्ह्यांतील नान्नज येथील गोष्ट वाचकांपैकीं कित्येकांस ठाऊक असेल. माळढोक पक्ष्यासाठीं १९७९ सालीं सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांत जें अभयारण्य जाहीर झालें त्याची हद्द ८,४९६ चौरस किलोमीटर धरली होती. शेंकडों गांवें, त्यांचे बाजार, त्यांचीं शेतें सारीं त्यांत आलीं. जमिनीच्या खरेदी-विक्रीस अडथळे, विहिरीस व रस्त्यास अडथळे. ज्या शेतकऱ्याच्या ज्वारींत माळढोक पूर्वीं निर्धास्त फिरत असे, त्याच शेतकऱ्यास तो पक्षी नकोसा झाला. पुढें ती हद्द १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणावी लागली, परंतु तोंवर माळढोक जवळजवळ दिसेनासा झाला होता. पक्ष्याच्या नाशास इतरही कारणें आहेत. पण ज्यांच्या शेतांत तो राहतो त्यांचें मन दुखवून कोणताही प्राणी राखतां येत नाहीं, एवढें नान्नजच्या माळावर स्पष्ट दिसून आलें.

कुनोच्या आसपास हेंच मन आतां पारखलें जात आहे. चित्त्यांची माहिती गांवांत सांगण्यासाठीं शेंकडों गांवकऱ्यांस चित्तामित्र नेमलें आहे, तें ठीकच झालें. मार्च २०२५ मध्यें उद्यानाबाहेर पडलेल्या एका चित्तिणीनें व तिच्या पिल्लांनीं गांवाजवळ गाय धरली, तेव्हां लोकांनीं त्यांस दगड मारिले. पुढच्याच महिन्यांत, उन्हांत झाडाखालीं बसलेल्या चित्तिणीस व तिच्या पिल्लांस वनखात्याच्या एका गाडीवानानें भांड्यांत पाणी ओतून पाजलें, आणि तीं मांजराच्या कुळाला शोभेल अशा स्वस्थपणें तें प्यालीं. नियमाविरुद्ध म्हणून त्या मनुष्यास कामावरून दूर करण्यांत आलें. नियमास कारण आहे. रानटी प्राणी माणसास सवकला कीं दोघांसही धोका. तरीपण ज्या लोकांनीं एका महिन्यांत दगड मारिले त्यांच्यांतच दुसऱ्या महिन्यांत पाणी देणारा निघाला, हें पाहून आम्हांस वाटलें कीं ह्या कामांत लोकांचा द्वेष ही अडचण नाहींच. ज्याची गाय गेली त्यास त्याच आठवड्यांत गायीची किंमत मिळाली असती तर दगड किती उचलले गेले असते, हें वनखात्यानें करून पाहावें.

तेव्हां आमचें म्हणणें असें आहे. हरवलेला प्राणी परत आणावा. परंतु आणण्याआधीं त्याचा खर्च कोणाच्या नांवावर पडतो तें उघड मांडावें, आणि ज्याच्यापाशीं अधिक आहे त्याच्याकडून तो अधिक घ्यावा. शहरांतील जो मनुष्य मोटारींत बसून चित्ता पाहण्यास जाणार, त्याच्या तिकिटाचा मोठा वांटा उठलेल्या गांवांस मिळावा. ज्यांनीं सिंहासाठीं घर सोडलें त्यांच्या नव्या जमिनीस पाणी मिळावें, आणि रानांतील डिंक व पानें वेंचण्याची कांहीं सोय हद्दीच्या कडेनें तरी व्हावी. चित्त्यास डिंकाचा कांहींच उपयोग नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं जे मेळघाट, ताडोबा अथवा तशाच रानांजवळ राहतात, त्यांच्या गांवीं एखादे दिवशीं साहेब येऊन स्थलांतराची गोष्ट काढतील. त्यांनीं भिऊं नये व भांडूंही नये. पण घाई करूं नये. जमीन कोठें, किती, पाण्याची सोय काय, कोणत्या प्राण्यासाठीं रान हवें आहे आणि तो प्राणी न आल्यास काय, हें सारें लिहून मागावें, आणि ज्यास वाचतां येतें त्यानें तें ग्रामसभेंत मोठ्यानें वाचून दाखवावें. वनहक्कांचा जो कायदा २००६ सालीं झाला, त्याप्रमाणें आधीं गांवकऱ्यांचे हक्क ठरविल्यावांचून, आणि ग्रामसभेनें सर्व माहिती घेऊन मोकळेपणानें लेखी संमति दिल्यावांचून, वन्य प्राण्यांसाठीं राखावयाच्या अशा रानांतून गांव उठवितां येत नाहीं. कुनोचीं चोवीस गांवें उठलीं तेव्हां हा कायदा नव्हता.